माणसाची फाइल आहे, जागेची कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शहरात एखादी मोठी मारामारी झाली किंवा तलवारीने केक कापल्याची चित्रफीत मोबाइलवर फिरली, की चार दिवसांत तडीपारांची यादी छापून येते. लोकांना दिलासा वाटतो. पण ज्या जिन्याखाली, ज्या बंद गाळ्याच्या पायरीवर किंवा ज्या खुल्या जागेत ते टोळके बसत होते, ती जागा तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत तिथे दुसरे टोळके येऊन बसते. पोलिसांकडे माणसाची फाइल असते. जागेची फाइल कुणाकडेच नसते. कोल्हापुरातल्या फाळकूटदादांचा उपद्रव मोडायचा असेल, तर ही दुसरी फाइल उघडावी लागेल आणि तीत पोलिसांच्या जोडीने घरमालक, गृहनिर्माण संस्था व महापालिका यांचीही जबाबदारी लिहावी लागेल.

उपनगरातली कोणतीही एक खुली जागा घ्या. अंधार पडला की तिथे दारू सुरू होते. कडेला अंडाबुर्जीची विनापरवाना गाडी लागते, ग्लास आणि पाणी तिथूनच मिळते. खांबावरचा दिवा फोडलेला असतो. रात्री पुंगळ्या (सायलेन्सर) काढलेल्या मोटारसायकली फिरतात, मुली क्लासहून येताना वाट बदलतात. रहिवासी ११२ ला फोन करतात, पोलिसांची गाडी येते, टोळके पांगते, गाडी गेली की पुन्हा जमते. या एका उपद्रवाचे तुकडे किती टेबलांवर जातात पाहा. दारू पिणारा आणि पिण्याची सोय करून देणारा गाडीवाला, दोघांवर महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ च्या कलम ८४ व ६८ खाली कारवाई होऊ शकते. ती पोलीस करू शकतात आणि राज्य उत्पादन शुल्क विभागही. गाडी हटवायची महापालिकेच्या अतिक्रमण विभागाने, दिवा लावायचा विद्युत विभागाने, झुडपे आरोग्य किंवा उद्यान विभागाने. कुंपण जागेच्या मालकाने घालायचे, पण मालक कोण हे घरफाळा विभागाला किंवा नगर भूमापन कार्यालयाला ठाऊक. नशेची इंजेक्शने सापडली, तर ती मुळात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधे असतात आणि दुकानाचा साठा तपासण्याचे काम अन्न व औषध प्रशासनाचे. प्रत्येक जण आपल्यापुरता कागद निकाली काढतो. दिवा लागला, तक्रार बंद. गाडी उचलली, तक्रार बंद. आठवड्याने गाडी परत. बेरीज कुणीच करत नाही.

इंग्लंड-वेल्समध्ये या बाबतीत दोन प्रयोग झाले. १९९८ च्या कायद्याने तिथे उपद्रवी माणसावर मनाई आदेश काढण्याची सोय झाली. आदेश मोडणे हा गुन्हा. मोठ्या संख्येने आदेश निघाले आणि त्यांतले निम्म्याहून अधिक किमान एकदा मोडले गेले. मग २०१४ मध्ये नवा कायदा आला. त्यात घर किंवा दुकान उपद्रवाचा अड्डा झाले असेल, तर न्यायालयाच्या आदेशाने ते तीन महिन्यांपर्यंत बंद ठेवता येते. मुदत वाढवून सहा महिन्यांपर्यंत जाते. त्याच कायद्यातली दुसरी सोय आम्हाला जास्त मोलाची वाटते. सहा महिन्यांत तीन तक्रारी झाल्या, तर तक्रारदार फेरआढाव्याची मागणी करू शकतो, आणि मग पोलीस, स्थानिक कौन्सिल, आरोग्य यंत्रणा व सामाजिक गृहनिर्माण संस्था यांना आपापली माहिती एकत्र मांडून काय करणार ते तक्रारदाराला कळवावे लागते. तिथली भाडेघरांची रचना वेगळी आहे, तिथला घर खाली करून घेण्याचा भाग जसाच्या तसा इथे आणू नये. फेरआढाव्याची सोय मात्र नवा कायदा न करता इथे सुरू करता येईल.

आमची सूचना अशी. महापालिकेची चार विभागीय कार्यालये आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि छत्रपती ताराराणी मार्केट. शहरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी व शाहूपुरी ही पोलीस ठाणी आहेत. एकाच जागेबद्दल सहा महिन्यांत तीन तक्रारी आल्या, मग त्या ११२ वर असोत, ठाण्यात असोत की महापालिकेत, तर विभागीय कार्यालयाचे उपशहर अभियंता आणि ठाण्याचे प्रभारी अधिकारी यांनी पंधरा दिवसांत जागेवर संयुक्त पाहणी करावी. पाहणी रात्री करावी. दुपारी बारा वाजता गेलेल्या अधिकाऱ्याला रिकामा प्लॉट दिसतो आणि अहवालात ‘तथ्य आढळले नाही’ असे येते. जागेची फाइल एका पानाची पुरे: हातनकाशा, मालमत्ता पत्रकावरील मालक, घरफाळ्याची थकबाकी, बंद दिव्यांचे खांब क्रमांक, आसपासच्या परवानाधारक दारू दुकानांची व बारची नावे, आधीच्या अदखलपात्र नोंदी आणि ११२ च्या फोनच्या वेळा. या वेळांना फार महत्त्व आहे. दहा फोनपैकी आठ शुक्रवार-शनिवारी साडेनऊ ते बारामधले निघाले, तर गस्तीची गाडी केव्हा थांबवायची हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता माणसाच्या फाइलकडे येतो, कारण तीही वाटते तितकी धड नाही. शिवीगाळ, धमकी, साधी मारहाण यांच्या बऱ्याच तक्रारी अदखलपात्र म्हणून नोंदल्या जातात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ नुसार अशा नोंदीचा तपास न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही. तक्रारदाराला एक प्रत मिळते आणि प्रकरण तिथेच थांबते. वास्तविक याच नोंदी पुढच्या कारवाईचा पाया असतात. संहितेच्या कलम १२६ खाली शांतता राखण्याचे बंधपत्र एक वर्षापर्यंत आणि सराईतांकडून कलम १२९ खाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र तीन वर्षांपर्यंत घेता येते. ठाण्यात याला अजूनही ‘चॅप्टर केस’ म्हणतात. ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते आणि दोन ठिकाणी फसते. पहिले, चौकशी सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत पूर्ण व्हावी लागते, नाहीतर विशेष कारणे नोंदवून मुदत वाढवल्याशिवाय ती आपोआप संपते. तारखांवर तारखा पडल्या की टोळक्याला हेच हवे असते. दुसरे, बंधपत्र झाल्यावर त्याच माणसाची नवी तक्रार आली तरी ती बंधपत्राशी जोडली जात नाही. बंधपत्र मोडले तर रक्कम जप्त होते, उरलेल्या मुदतीसाठी तुरुंगातही पाठवता येते. पण मोडले हे दंडाधिकाऱ्यांना कळवायला तर हवे. प्रत्येक ठाण्यात चालू बंधपत्रांची यादी ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, नावाच्या अकारविल्हे, समोर ठेवावी. नवी नोंद घेताना ती चाळायला दोन मिनिटे लागतात.

आमच्या मते बहुतेक प्रकरणांत तडीपारीपेक्षा बंधपत्र सरस. मुलगा घरात राहतो, कामाला जातो, आणि डोक्यावर टांगती रक्कम असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ५५ खाली टोळीला आणि ५६ खाली व्यक्तीला हद्दपार करता येते, कमाल मुदत दोन वर्षे. पण जिल्ह्यातून काढलेला माणूस तासाभराच्या अंतरावर सांगलीत नाहीतर निपाणीत थांबतो आणि रात्री आईच्या हातचे जेवायला घरी येतो. पकडला गेला की कलम १४२ चा नवा गुन्हा, मूळ प्रश्न तिथेच. आदेश न्यायालयात टिकत नाहीत याचीही कारणे ठरलेली आहेत: जुने, निकाली निघालेले गुन्हे धरलेले असतात, शेवटचा गुन्हा आणि आदेश यांत मोठे अंतर असते, गोपनीय साक्षीदारांचे जबाब एकाच साच्यातले असतात आणि अधिकाऱ्याने त्यांची खातरजमा केलेली नसते, त्रास एका पेठेत असताना हद्दपारी दोन-तीन जिल्ह्यांतून केलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०२२ च्या निकालात हद्दपारी हा अपवादात्मक उपाय आहे आणि पूर्ण दोन वर्षांची मुदत द्यायची तर तिची कारणे आदेशात दिसली पाहिजेत, असे स्पष्ट केले आहे. १९८१ च्या एमपीडीए (धोकादायक कृत्यांना प्रतिबंध) कायद्याखालची एक वर्षापर्यंतची स्थानबद्धता तर याहून कडक. ती शस्त्र घेऊन खंडणी मागणाऱ्यांसाठी राखून ठेवावी.

टोळक्यात अठरा वर्षांखालचे कितीतरी असतात, आणि त्यांना चॅप्टर केस लागूच होत नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ चे कलम २२ तसे स्पष्ट सांगते. गंभीर नसलेल्या प्रकरणांत प्रथम खबरही नोंदवायची नसते. दैनंदिनीत नोंद, सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल आणि बाल न्याय मंडळ हा मार्ग आहे. प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, पण रहिवाशांना त्याचे नाव माहीत नसते. ते नाव ठाण्याच्या दर्शनी भागात लावावे. आणि एक मार्ग फारसा वापरला जात नाही: अल्पवयीन मुलाने गाडी चालवली, तर मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९अ नुसार पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. पुंगळी काढलेली गाडी कुणाच्या नावावर आहे हे विचारले, तर बाप ठाण्यात येतो. निम्मे काम तिथेच होते.

आता घरांचा प्रश्न. या विषयावर बोलताना आपल्याकडे सगळ्यात आधी भाडेकरूकडे बोट जाते, त्यातही परप्रांतीय कामगार आणि विद्यार्थ्यांकडे. हे अन्यायाचे आहे. शिवाजी विद्यापीठ आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती यांमुळे या शहराला भाड्याच्या खोल्या लागणारच. उपद्रव होतो तो जबाबदार मालक समोर नसतो तिथे. मालक पुण्यात, खोल्या एजंटाच्या हातात, ‘कॉट बेसिस’वर आठ जण, करार शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चे कलम ५५ सांगते की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी नसल्याचा फटका मालकालाच बसतो, कारण वाद झाला की अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. नोंदणीकृत परवाना करार (लिव्ह अँड लायसन्स) असेल, तर मुदत संपल्यावर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि उशिराच्या काळासाठी दुप्पट शुल्क मागता येते. जुन्या भाडेकरूच्या बाबतीत कलम १६(१)(क) आहे: शेजाऱ्यांना उपद्रव हे ताबा मागण्याचे कारण आहे. पण न्यायालय पुरावा मागते. तो पुरावा म्हणजे पुन्हा त्याच अदखलपात्र नोंदी, शेजाऱ्यांची सही असलेली लेखी पत्रे, तारखा. नुसता ‘सगळ्यांना त्रास होतो’ हा अर्ज तिथे उभा राहत नाही.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याच्या आदेशाची एक अडचण लोकांना माहीत नसते. असा आदेश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या फौजदारी संहितेच्या १४४ खाली, निघतो आणि तो दोन महिन्यांहून अधिक टिकत नाही. मुदत वाढवायची तर राज्य सरकारला वाढवावी लागते. आदेश संपला की तो मोडल्याचा गुन्हा दाखल करता येत नाही. म्हणून या आदेशावर विसंबण्यापेक्षा नोंदणीकृत कराराचा आग्रह धरावा. घरफाळ्याच्या बिलासोबत एक पान जोडून मालकाकडून घरात भाडेकरू आहे का, कराराचा नोंदणी क्रमांक काय, अडचणीच्या वेळी फोन कुणाला करायचा, एवढे तीनच प्रश्न भरून घेता येतील. भाडेकरूची जात, धर्म, गाव विचारायचे कारण नाही.

सहकारी गृहनिर्माण संस्थांत उपद्रवी सभासदावर दोन टोकांच्या चुका होतात. एकतर समिती गप्प बसते किंवा चिडून पाणी-वीज तोडते. दुसरी चूक घातक आहे. अत्यावश्यक सेवा बंद करणे बेकायदा आहे. भाड्याच्या घरात तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २९ खाली तो गुन्हाच, आणि मग तक्रारदारच आरोपी होतो. सभासदाची हकालपट्टी सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३५ खाली होते: सभासदाला बाजू मांडण्याची संधी, सर्वसाधारण सभेत हजर व मतदानाचा हक्क असलेल्यांच्या तीन चतुर्थांश बहुमताचा ठराव, आणि निबंधकांची मंजुरी. वेळखाऊ आहे, आणि कुणाचे घर हिरावायचे तर वेळखाऊच असावे. त्याआधी पोटनियमांनुसार लेखी नोटीस आणि इतिवृत्तात नोंद एवढे शिस्तीने केले, तरी बहुतेक प्रकरणे तिथेच थंड होतात.

पुनर्वसनाच्या इमारतींबद्दल जरा विस्ताराने लिहायला हवे, कारण तिथे आज घेतलेले निर्णय पुढची तीस वर्षे भोगावे लागतात. शासकीय योजनेतले घर ३० चौरस मीटर चटईक्षेत्राच्या आसपास असते. त्यात पाच-सहा माणसे. वयात आलेला मुलगा संध्याकाळी बाहेरच बसणार. त्याचे कट्ट्यावर बसणे हा उपद्रव नाही, आणि पोलिसांनी तो तसा धरूही नये. बसायला उजेडातली, लोकांच्या नजरेतली जागा नसली की तो जिन्याखाली आणि गच्चीवर बसतो, मग तिथे मोठा ‘भाई’ येतो. इमारत ताब्यात देताना संस्था नोंदलेली नसते, सामाईक वीजमीटर ठेकेदाराच्या नावावर असतो, देखभालीचा निधी शून्य. पहिले थकीत बिल, जिन्यातला दिवा बंद, मग लिफ्ट बंद, मग वरच्या मजल्यांवरची भाड्याने दिलेली घरे. क्रम ठरलेला आहे.

म्हणून चार गोष्टी ताबा देण्याच्या अटींत याव्यात. संस्था नोंदवल्याशिवाय आणि सामाईक मीटर तिच्या नावे झाल्याशिवाय चाव्या देऊ नयेत. सोडत घराघराची न काढता गल्लीची काढावी, म्हणजे एकमेकांच्या पोरांना नावाने ओळखणारे शेजारी एका जिन्यात येतील. पोराला ‘घरी जा’ म्हणणारी काकू ही गस्तीच्या गाडीपेक्षा उपयोगाची असते. गच्चीच्या दाराची किल्ली संस्थेकडे, जिन्याखालचा कोनाडा बांधकामातच बंद. आणि तळमजल्यावर अभ्यासिका किंवा तालमीसाठी एक खोली. पेठांमधल्या तालमींनी पिढ्यान्पिढ्या पोरांना वेळेचे बंधन लावले. नव्या वसाहतींचे आराखडे करताना त्यांच्यासाठी जागाच सोडली जात नाही.

खुल्या जागांचेही असेच. ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जागेचे रेखांकन मंजूर करताना १० टक्के खुली जागा सोडावी लागते. कागदावर ती सगळ्यांची, म्हणून देखभाल कुणाचीच नाही. विभागीय कार्यालयाने अशा जागांची यादी सर्व्हे क्रमांकासह फलकावर लावावी. कुंपण भिंतीचे नको, जाळीचे हवे. भिंतीमुळे आडोसा वाढतो. झुडपे गुडघ्याच्या वर वाढू देऊ नयेत, झाडांच्या फांद्या डोक्याच्या वर छाटाव्यात. रस्त्यावर खांबांत २५ ते ३० मीटर अंतर असते. एक दिवा बंद पडला की ५० ते ६० मीटरचा पट्टा अंधारात जातो, त्यामुळे ‘एकच तर दिवा आहे’ हे उत्तर चालणार नाही. कॅमेऱ्यांबद्दल एवढेच सांगतो: चेहरा ओळखायला चित्रात एका मीटर रुंदीला सुमारे २५० पिक्सेल लागतात. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे चित्र साधारण २,५६० पिक्सेल रुंद, म्हणजे तो दहा मीटर रुंदीपुरताच चेहरे देतो. अख्खे मैदान दिसावे म्हणून उंच खांबावर लावलेल्या कॅमेऱ्यात ठिपके दिसतात. शिवाय चित्रण न्यायालयात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चे प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (चित्रणात फेरफार झालेला नाही हे पडताळण्याच्या सांकेतिक आकड्यासह) लागते. संस्थेच्या सचिवाला ते ठाऊक नसले तर चित्रण असूनही उपयोग होत नाही.

हद्दीबाहेरच्या पाचगाव, उजळाईवाडी, उचगाव अशा गावांत तुकडे आणखी वाढतात. बांधकाम परवानगी कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरणाची, दिवे ग्रामपंचायतीचे, पोलीस ठाणे वेगळे. ४२ गावांच्या या प्राधिकरणाने संयुक्त पाहणीसाठी एक अधिकारी नेमून दिला, तरी रहिवाशांची पायपीट कमी होईल.

ज्यांना आजच काही करायचे आहे, त्यांनी तक्रार अशी लिहावी: जागा खांब क्रमांक किंवा मिळकत क्रमांकाने सांगावी, वार, तारीख, किती ते किती वाजेपर्यंत हे लिहावे, काय पाहिले तेच लिहावे, कोण कुणाचा माणूस आहे हे नको, ११२ ला केलेल्या फोनची वेळ लिहावी, दोन प्रती करून एकीवर आवक शिक्का घ्यावा. तीन तक्रारी साठल्या की दहा रुपयांचे शुल्क भरून माहिती अधिकारात त्या जागेबाबत सहा महिन्यांत ११२ वर किती फोन आले, किती अदखलपात्र नोंदी झाल्या आणि प्रत्येकावर काय केले, हे मागावे. उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते. त्या उत्तराची प्रत विभागीय कार्यालय, पोलीस ठाणे आणि प्रांत कार्यालय या तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी द्यावी, आणि सोबत संयुक्त रात्र-पाहणीची मागणी करावी.

आपले,
गृहनिर्माण संस्था व भाडेकरारांच्या कामाशी संबंधित काही रहिवासी,
कोल्हापूर